चारचं इंजेक्शन

बायकांच्या शस्त्रक्रिया वॉर्डातल्या अर्ध्या खाटा भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या होत्या. रोगी नव्हते म्हणून नव्हे. रोगी खालच्या मजल्यावर बाकांवर ताटकळत बसले होते. खाटा उभ्या होत्या कारण त्यांच्याकडे बघायला नर्स नव्हत्या, आणि अंथरलेली रिकामी खाट दिसली की नातेवाईक भांडायला येतात. लोकांना वाटतं नर्स झाडाला लागतात, एक गळाली की हात वर करून दुसरी तोडायची. वरच्या कचेरीलाही तसंच वाटत असावं. विचारलं की उत्तर ठरलेलं: जाहिरात दिली आहे, वाट बघा.

वाट बघणं हे मोठ्या सिस्टरांच्या स्वभावात नव्हतं. मोठ्या सिस्टर म्हणजे या वॉर्डाच्या इन्चार्ज. तोंडावर त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे आणि पाठ वळली की सासूबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. चादरीला सुरकुती दिसली तर त्या बोलायच्या, हात न धुता कुणी खाटेजवळ गेलं तर खेकसायच्या, आणि एखाद्या डॉक्टरने केसपेपरवर कोंबडीचे पाय काढले तर त्याला जिन्यावरून परत बोलावून स्वतःचं अक्षर मोठ्याने वाचायला लावायच्या. सासू म्हणवून घ्यायला आणखी काय लागतं?

एका सकाळी हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण रोज दहा ठिकाणची ठिगळं लावून त्याचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा झाला होता. आदल्याच आठवड्यात दुहेरी ड्यूटी करणारी एक नर्स सलाईन लावता लावता भोवळ येऊन पडली होती आणि रोग्यानेच तिला सावरलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी फार पाल्हाळ न लावता सांगून टाकलं की महिनाअखेर हा वॉर्ड बंद करायचा. ज्या बायकांची ऑपरेशन व्हायची आहेत त्यांना मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात पाठवायचं. म्हणजे पोटाला टाके घातलेल्या बाईने अर्धा दिवस बसमध्ये हिंदकळत घरी यायचं.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या की नर्स मी आणते. डॉक्टरांनी विचारलं, कुठून? त्या म्हणाल्या, याच गावातून. माझ्या हाताखाली तयार झालेल्या किती तरी जणी घरी बसल्या आहेत, त्यांना उठवून आणते. डॉक्टर हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती, दमणूक होती. पण त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी सुटली की मोठ्या सिस्टर घरोघर फिरू लागल्या. पहिलं दार एक्सप्रेसचं. हे नाव तिला वॉर्डातच पडलं होतं, कारण ती बोलायला लागली की मधल्या एकाही स्टेशनवर थांबायची नाही. सलाईन लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारीक, पळपुटी, कुणाला न सापडणारी शीर असली की तिला बोलावणं जायचं. आता ती घरी शिलाईचं मशीन टाकून लोकांचे कपडे आखूड-लांब करून देत होती. तोंडात टाचणी धरूनच तिने सगळी हकिगत सांगितली. "सकाळी दोघांना शाळेत पोचवायचं, परत यायचं, स्वयंपाक, सासऱ्यांचं औषध, पुन्हा शाळेत आणायला जायचं, झालं. आठ तास कुठून काढू सांगा?" तिचं प्रत्येक वाक्य या 'झालं'वर येऊन थांबायचं. तेवढंच काय ते तिचं स्टेशन.

दुसरी एका विम्याच्या कचेरीत बसत होती. तिसरीची आई अंथरुणाला खिळली होती. चौथीने चहा छान केला, जुन्या आठवणी काढून डोळे पुसले आणि नाही म्हटलं. पाचवीने दारातूनच हात जोडले. एकीलाही नर्सगिरीचा कंटाळा आला नव्हता, हे मोठ्या सिस्टरांना दिसत होतं. वॉर्डाचा विषय निघाला की त्यांचे डोळे चमकायचे. पण आठ तासांवर येऊन सगळ्यांचं घोडं अडत होतं. सकाळची ड्यूटी धरावी तर मुलं शाळेतून येतात त्या वेळी आई वॉर्डात. दुपारची धरावी तर घरी पोचेपर्यंत मुलं झोपलेली.

मोठ्या सिस्टरांना या बायकांचा राग येत होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. रात्री जेवताना त्या सुनेपुढे धडाधड बोलत सुटल्या. हल्लीच्या मुलींना सगळं सोयीचं हवं, आम्ही नाही का केली आठ-आठ तासांची ड्यूटी, आमच्या घरी काय मुलं नव्हती? मुलगा फिरतीच्या नोकरीवर होता, चार वर्षांची नात ताटात बोट फिरवत होती, आणि सून ऐकत होती.

आता ही सूनही नर्सच होती. चांगली शिकलेली, हलक्या हाताची. नात झाल्यावर तिने काम सोडलं होतं. मोठ्या सिस्टर गावभर दारं ठोठावून आल्या, पण स्वतःच्या घरात त्यांनी हा विषय काढला नव्हता. का, ते त्यांनाच माहीत. बाहेरच्यांनी नाही म्हटलं तर उठून येता येतं. घरातल्या माणसाने नाही म्हटलं तर त्याच ताटावर बसून जेवावं लागतं.

सुनेने आवाज चढवला नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवत ती म्हणाली, "आई, तुम्ही आठ तास केलेत, कारण घरी तुमच्या सासूबाई होत्या. माझ्या सासूबाई वॉर्डात असतात."

मोठ्या सिस्टरांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांना राग यायला हवा होता, पण आलं ते हसू. हसू ओसरलं तेव्हा मात्र ते बोलणं टोचलं, कारण शंभर टक्के खरं होतं.  मग ताट बाजूला सारून त्यांनी सुनेला असा प्रश्न विचारला जो आयुष्यात त्यांनी कुठल्याच नर्सला विचारला नव्हता. "बरं, आठ नको. तुला किती तास जमतील?"

सून म्हणाली, चार. तुम्ही साडेतीनला घरी येता. तुम्ही हिला बघणार असाल तर मी चार ते आठ जाऊ शकते. आणि मग जरा थांबून म्हणाली की मला जायचं आहे, आई. घरी बसून माझ्या हाताला गंज चढतोय.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर पुन्हा त्याच घरांची दारं ठोठावत होत्या, पण आता प्रश्न बदलला होता. आठ तास येतेस का, असं विचारलं की बाई नाही म्हणते. किती तास देतेस, असं विचारलं की तीच बाई बोटांवर हिशेब करायला लागते. एक्सप्रेसला मधले चार तास जमत होते. शेजारीण मुलांना आणायला तयार होती. विमावालीला सकाळचे जमत होते. आई अंथरुणाला खिळलेली तिसरी म्हणाली की भाऊ कामावरून येतो, त्यानंतर मी रात्री मोकळी असते, आणि खरं सांगू, आईपासून चार तास दूर राहिले तर आईवर माया जास्त करेन. चहावाली यायला तयार झाली, हात जोडणारीही झाली. वॉर्डाच्या आठ तासांच्या लांबलचक ड्यूट्या मोठ्या सिस्टरांनी सरळ मधोमध कापल्या आणि प्रत्येक तुकडा ज्या घरात बसेल तिथे बसवला.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि त्यांच्या मनात आलं ते तोंडावर सांगितलं. पूर्वी वॉर्ड दिवसातून तीनदा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचा. तुमच्या या तुकड्यांच्या ड्यूटीत तो त्याच्या दुप्पट वेळा जाणार. हातातून हातात देताना वस्तू निसटते, माणूसही निसटू शकतो. म्हणणं बिनतोड होतं आणि मोठ्या सिस्टरांनी ते मान्य केलं. शेवटी ठरलं की दोन महिने करून बघायचं. पण चुकीची झळ एका जरी रोग्याला लागली तरी तुकड्यांची ड्यूटी त्या दिवशी बंद आणि तिच्याबरोबर वॉर्डही बंद. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, चालेल. छातीठोकपणे म्हणाल्या. आपण काय कबूल करून बसलो ते मात्र त्यांना चांगलं कळत होतं.

भिंतीला उभ्या केलेल्या खाटा एकेक करून खाली आल्या. गाद्यांना ऊन दाखवलं गेलं. बायका हळूहळू आपापल्या जुन्या जागी रुळल्या. पहिल्या दिवशी विमावालीने रक्तदाबाचा पट्टा उलटा बांधला आणि स्वतःच हसत सुटली. तिसऱ्या दिवसापर्यंत तिचे हात आपोआप चालायला लागले होते. चार तासच थांबायचं असल्यामुळे कुणी दमत नव्हतं, आणि न दमलेलं माणूस किती गोड बोलतं हे वॉर्डातल्या रोग्यांना बऱ्याच वर्षांनी समजलं. पूर्वी घंटी वाजली की नर्स मनातल्या मनात कपाळावर हात मारायची. आता ती घंटीकडे चालत जायची. वॉर्डात 'आज शांतता आहे' असं म्हणायची बंदी असते, म्हटलं की अर्ध्या तासात धावपळ उडते असा समस्त नर्सांचा ठाम समज आहे. एक्सप्रेस तर बिनदिक्कत तसं म्हणायची आणि मोठ्या सिस्टर तिच्यावर डोळे वटारायच्या. पण मनातून त्या खूश होत्या, आणि खुशी चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यांना बरेच कष्ट पडत होते.

संध्याकाळी घरी त्या नातीबरोबर ठोकळ्यांचे मनोरे रचायच्या. मुलाच्या वेळी हे राहून गेलं होतं, याचं त्यांना वाईट वाटायचं आणि आता मिळतंय याचा आनंदही व्हायचा.

सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी मोठ्या सिस्टर राउंड घेत पाच नंबरच्या खाटेपाशी आल्या. खाटेवर एक आजी होत्या. पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ऑपरेशन करून ते बसवलं होतं. वर्षभरापूर्वी दुसऱ्या बाजूचंही असंच झालं होतं, त्यामुळे वॉर्डाच्या त्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. अशा रोग्याचं रक्त पायात गोठू नये म्हणून पोटावर रोज एक इंजेक्शन द्यावं लागतं. आजींचं इंजेक्शन दुपारी चारचं होतं. आजी उशीला टेकून मजेत बसल्या होत्या. म्हणाल्या, काल सुई टोचायला विसरलात वाटतं, माझ्या पोटाला जरा सुट्टी मिळाली.

 मोठ्या सिस्टरांनी केसपेपर बघितला तर चारच्या पुढची जागा कोरी. ट्रेमध्ये इंजेक्शन तसंच पडलेलं. त्यांनी आधी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी आजींचा पाय दाबून, वळवून, दुसऱ्या पायाशी ताडून बघितला. सूज नव्हती, दुखत नव्हतं. इंजेक्शन लगेच दिलं गेलं. धोका टळला होता, पण टळला होता तो नशिबाने, आणि नशिबावर वॉर्ड चालत नाही.

काल चार वाजता वॉर्ड एक्सप्रेसच्या हातातून सुनेच्या हातात गेला होता. म्हणजे दोघींपैकी एक. मोठ्या सिस्टरांना मनातून वाटलं की ती एक्सप्रेस असावी. तसं वाटल्याबद्दल त्यांना लगेच स्वतःची लाज वाटली.

एक्सप्रेस ड्यूटीवर आली तशी त्यांनी सुनेलाही बोलावून घेतलं. नातीला शेजारी ठेवून ती धापा टाकत आली. ऐकल्यावर दोघींचे चेहरे उतरले. एक्सप्रेस शपथेवर सांगत होती की मी इंजेक्शन द्यायचं राहिलंय असं सांगितलं होतं. सून तितक्याच ठामपणे सांगत होती की हिने दिलं म्हणून सांगितलं. दोघींचे आवाज चढू लागले. मोठ्या सिस्टरांनी हात वर करून दोघींना गप्प केलं आणि पाच नंबरपाशी नेऊन उभं केलं. काल जिथे उभ्या होतात तिथेच उभ्या राहा, म्हणाल्या, आणि काल जे शब्द बोललात तेच बोला, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही.

एक्सप्रेसने आजींकडे बोट केलं आणि नेहमीच्या वेगात म्हणाली, "पाच नंबर, ड्रेसिंग केलंय, जेवल्यात, चारचं इंजेक्शन, झालं."

सून म्हणाली, "हेच. हेच म्हणाली ती. इंजेक्शन झालं."

एक्सप्रेस तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने तोंडावर हात ठेवला. तिच्या 'झालं'चा अर्थ होता की बस, एवढंच, माझं सांगून संपलं. सुनेने ऐकलेल्या 'झालं'चा अर्थ होता की देऊन झालं. एकच शब्द, दोघी खऱ्या, आणि मधल्या मध्ये आजींचं इंजेक्शन राहून गेलं. खाटेवरच्या आजी मात्र हे नाटक बघून खुदूखुदू हसत होत्या.

सून हसली नाही. ती म्हणाली की केसपेपर बघायला हवा होता मी. कानाने ऐकलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. चूक माझी आहे. एक्सप्रेस म्हणाली, अगं, माझीही आहे. आणि मग आवाज खाली करून तिने मोठ्या सिस्टरांना सुचवलं की आजी ठणठणीत आहेत, इंजेक्शन दिलं गेलंय, उशीर झाला एवढंच. वर कळवायलाच हवं का? कळवलं की दोन महिन्यांची अट मोडली, वॉर्ड गेला. सगळ्याच जणी गेल्या.

ती काही चोरटी बाई नव्हती. तिला पुन्हा त्या शिलाईच्या मशीनपाशी जाऊन बसायचं नव्हतं, एवढंच. मोठ्या सिस्टरांना ते कळत होतं, आणि पांघरूण घालायचा मोह त्यांनाही झाला हे कशाला लपवा? पण त्या म्हणाल्या, आज हे झाकलं तर उद्याचं झाकायला शिकाल. आणि त्या सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. 'झालं'चा घोळ सांगितला. आजपासून एकीने दुसरीच्या हवाली वॉर्ड करताना 'झालं' हा शब्दच बंद, 'दिलं' किंवा 'द्यायचं आहे' एवढंच म्हणायचं, घेणारीने ते पुन्हा म्हणून दाखवायचं आणि दोघींनी केसपेपरवर बोट ठेवूनच पुढे जायचं, हेही सांगितलं. मोठे डॉक्टर कपाळ चोळत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की घेणारी कोण होती? मोठ्या सिस्टर म्हणाल्या, माझी सून.

 डॉक्टरांनाही वॉर्ड बंद करायचा नव्हता, हे दिसतच होतं. त्यांनी मार्ग काढला. अट मोडली असली तरी खापर एकीच्या डोक्यावर फोडता येईल. सुनेला कामावरून कमी करा. कडक कारवाई केली असं मी वर कळवतो. बाकीच्या राहतील आणि वॉर्डही राहील. तुम्ही स्वतःच्या घरच्या माणसाला काढलंत म्हटल्यावर कुणी बोट दाखवायला जागा उरणार नाही.

मार्ग खरोखर सोयीचा होता. वॉर्ड वाचत होता, वर मोठ्या सिस्टरांच्या निःपक्षपातीपणाचे गोडवे गायले गेले असते. आणि विरोध करावा तर लोक म्हणणार, सासू सुनेला पाठीशी घालतेय. मोठ्या सिस्टरांना हे सगळं कळत होतं. 

"डॉक्टर, ती माझी सून नसती तरी मी हेच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "जिने चूक कबूल केली तिलाच तुम्ही काढलंत तर उद्या एक बाई चूक सांगणार नाही. आणि आमच्या वॉर्डात चुका पहिल्यांदा होताहेत असं समजू नका. पूर्वी दोघी-दोघीच वॉर्ड ओढत होत्या तेव्हाही होत असतील. सापडायच्या नाहीत, कारण शोधायला कुणी मोकळं नव्हतं. आज सापडली, कारण दोन बायकांना खाटेपाशी उभं करून विचारायला माझ्याकडे वेळ होता."

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. ते म्हणाले की हे तुमचं म्हणणं झालं, माझं म्हणणं झालं, पण झळ ज्यांना लागली त्यांना कुणी विचारलंय का? आणि ते उठलेच. मोठ्या सिस्टरांना त्यांच्या मागोमाग जावं लागलं.

पाच नंबरपाशी सून आणि एक्सप्रेस अजून उभ्याच होत्या. मोठ्या डॉक्टरांना बघून एक्सप्रेसची गाडी आयुष्यात प्रथमच बंद पडली. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, आजींच्या उशाशी बसले आणि त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं की काल तुमचं इंजेक्शन चुकलं, त्यातून तुमच्या जिवावर बेतू शकलं असतं, ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल तुम्हाला तक्रार करायचा पूर्ण अधिकार आहे. आजींनी ऐकून घेतलं. मघाचं हसू त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं होतं. चुकलेलं इंजेक्शन साधं नव्हतं हे त्यांना आता कळलं होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं, एक्सप्रेसकडे बघितलं आणि शेवटी डॉक्टरांकडे वळल्या.

"गेल्या वर्षी मी याच वॉर्डात होते," त्या म्हणाल्या. "दुखायचं म्हणून घंटी वाजवायची मी. दुपारी वाजवली की कुणीतरी दिवेलागणीला यायचं, आणि आली ती पोरगी उभ्या उभ्या पेंगायची. मला तिचीच दया यायची. तक्रार करायची तर तेव्हाची करते. या वेळी यांच्या हातून चूक झाली. गेल्या वेळी चूक करायलाही कुणी आलं नव्हतं."

 मोठे डॉक्टर स्टुलावर तसेच बसून राहिले. गेल्या वर्षीही मुख्य डॉक्टर तेच होते, आणि ही गोष्ट वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. मोठ्या सिस्टरांनी नजर खाली वळवली, कारण गेल्या वर्षी या वॉर्डाच्या इन्चार्जही त्याच होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

थोड्या वेळाने डॉक्टर उठले. जे घडलं ते जसंच्या तसं वर कळवायचं, म्हणाले, कुणाचं नाव न गाळता, आणि त्याखाली वॉर्ड चालू ठेवतोय असं माझ्या सहीने लिहायचं. कुणी विचारलं तर उत्तर मी देईन. मग दाराशी थांबून त्यांनी मोठ्या सिस्टरांना विचारलं की पुरुषांच्या वॉर्डातही हीच रड आहे, आणखी अशा बायका मिळतील का?

मिळतील की, मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि बायकाच कशाला, घरी बसलेले दोन पुरुष नर्सही मला माहीत आहेत. फक्त त्यांच्याकडे आठ तास मागायला जाऊ नका. एवढं सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत झाला होता.

त्या दिवशी मोठ्या सिस्टर साडेतीनला घरी गेल्या नाहीत. नातीला शेजारी आणखी थोडा वेळ राहू दे असा निरोप धाडून त्या थांबल्या. चार वाजता एक्सप्रेसने वॉर्ड सुनेच्या हवाली करायला सुरुवात केली. बिचारीची फार पंचाईत झाली होती. प्रत्येक खाटेपाशी वाक्याच्या शेवटी तिची जीभ त्या शब्दाकडे धावायची आणि ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. रोग्यांनाही एव्हाना खबर लागली होती आणि त्या गालातल्या गालात हसत होत्या. पाच नंबरपाशी येऊन तिने केसपेपरवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली की आजचं इंजेक्शन सकाळी दिलं, उद्यापासून वेळ सकाळची, आज चारला काही द्यायचं नाही. सुनेनेही बोट ठेवलं आणि तेच पुन्हा म्हणून दाखवलं. आजींनी मान हलवून दोघींना पास केलं.

एक्सप्रेस मुलांच्या ओढीने पळाली. मोठ्या सिस्टर आपली पिशवी उचलून निघाल्या तशी सून जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर आली. वॉर्डात ती त्यांना इतरांसारखंच सिस्टर म्हणायची, तसा नियमच होता.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुम्ही मला काढलं असतंत तरी मी समजून घेतलं असतं."

"मला ठाऊक आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "म्हणूनच तर काढवेना."

आत कुणीतरी घंटी वाजवली. सून वळली आणि चालत तिकडे गेली. मोठ्या सिस्टर जिन्यावर थांबून ऐकत राहिल्या. घंटी दुसऱ्यांदा वाजली नाही.